यकृतातला अमीबा आणि दोन टप्प्यांचे औषध

पावसाळा लागला की खानापूर आणि बेळगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या गावांत पोट बिघडणे ही नवलाची गोष्ट राहत नाही. चिखलणी आणि रोपलावणीचे दिवस असतात, माणसे दिवसभर शेतात असतात, विहिरींचे पाणी गढूळलेले असते आणि घरटी एखाद्याला तरी आव पडते. तिला आजार म्हणून आमच्याकडे फारसे कोणी मोजत नाही. पोटात कळा येतात, शौचातून शेंबूड आणि कधी रक्त पडते, दवाखान्यातून किंवा मेडिकलमधून गोळ्या येतात, जुलाब थांबतात आणि माणूस पुन्हा शेतात उतरतो. अमीबा या एकपेशीय जंतूमुळे मला झालेला यकृताच्या गळवाचा आजार याच आवेतून उपजला होता. त्याच्यावरचे उपचार पूर्ण करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती ही की या उपचाराचा अर्धा भाग बरे वाटू लागल्यानंतर सुरू होतो, आणि तो अर्धा भाग आमच्या भागातल्या बहुतेक रुग्णांना कोणी सांगतच नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

मी बेळगावातल्या एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि राहायला गावी असतो. थोडी भातशेती आहे. त्या वर्षी लावणी उरकल्यावर मला आव पडली. जवळच्या दवाखान्यातून ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल ही दोन औषधे एकाच गोळीत असलेली पट्टी मिळाली, ती सांगितल्याप्रमाणे संपवली आणि जुलाब थांबले. गणपतीच्या सुमारास मात्र थंडी वाजून ताप येऊ लागला. रात्री अंथरूण घामाने भिजायचे. उजव्या बरगड्यांखाली जड दुखणे असायचे, खोल श्वास घेतला की ते वाढायचे, आणि त्याच्या जोडीला उजवा खांदाही दुखायचा. खांद्याचे दुखणे पोत्यांच्या ओझ्याने आले असेल असे घरच्यांना वाटले. या काळात मला एकही जुलाब झाला नव्हता, त्यामुळे महिन्या-दीड महिन्यापूर्वीच्या आवेशी या तापाचा संबंध जोडण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

एका ठिकाणी रक्ताची विडाल चाचणी झाली, ती पॉझिटिव्ह आली आणि टायफॉइड म्हणून इंजेक्शने सुरू झाली. पुढे बेळगावच्या डॉक्टरांनी याविषयी जे समजावले ते सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विडाल चाचणी जंतू शोधत नाही, ती शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजते. ज्या प्रदेशात टायफॉइड नेहमी असतो तिथे जुन्या संसर्गाची प्रतिद्रव्ये अनेकांच्या रक्तात असतात, म्हणून एकाच वेळी केलेल्या अशा एका चाचणीवर निदान उभे करता येत नाही. खात्रीसाठी प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, करावे लागते.

ताप उतरेना, वजन घटू लागले, तेव्हा माझ्या दाजींनी मला गाडीत घालून बेळगावला एका फिजिशियनकडे नेले. त्यांनी कागद पाहण्याआधी मला आडवे केले आणि उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांच्या मधल्या फटीत एका बोटाने दाबले. मी कळवळलो. त्यांनी लगेच विचारले, "गेल्या दोन-तीन महिन्यांत आव पडली होती का?" त्याच दुपारी सोनोग्राफी झाली आणि यकृताच्या उजव्या भागात सहा सेंटिमीटरच्या आसपास रुंदीचे गळू दिसले. खांदा का दुखत होता तेही तेव्हा कळले. यकृत श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, लागून असते, आणि श्वासपटलाची संवेदना वाहणारी नस मानेतून निघते. त्यामुळे पटलाच्या खालचा दाह माणसाला खांद्यावर जाणवतो.

गळू अमीबाचे आहे की साध्या जीवाणूंचे, हे सोनोग्राफीच्या चित्रावरून नक्की सांगता येत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, पण त्या दोन्हींत वाढतात. शौचाच्या तपासणीत काहीच सापडले नाही, आणि डॉक्टरांना त्याचे आश्चर्य वाटले नाही, कारण यकृतात गळू झालेल्या बहुतेक रुग्णांच्या शौचात त्या वेळी अमीबा दिसत नाही. रक्तातली अमीबाविरुद्धची प्रतिद्रव्ये तपासायला पाठवली, ती पॉझिटिव्ह आली. ही चाचणीही जुन्या संसर्गानंतर बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते, पण ताप, बरगडीतले दुखणे, एकच गळू, ते उजवीकडे, आणि आवेचा अलीकडचा इतिहास हे सगळे एकत्र धरले की निदान पक्के होते. मेंढरे आणि कुत्री यांच्या सहवासातून होणाऱ्या हायडेटिड गाठीचीही (ही एका जंताची पाणीदार गाठ असते) त्यांनी शंका घेतली आणि सोनोग्राफीवरून ती दूर केली, कारण तशी गाठ पूर्वतयारीशिवाय सुईने टोचणे धोक्याचे असते.

दाखल झाल्यावर मी आजाराचे मूळ विचारले, तेव्हा डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे आकृती काढून सांगितले. एन्टामिबा हिस्टोलिटिका हा एकपेशीय आदिजीव दोन रूपांत जगतो. एक रूप म्हणजे पुटी, जिला सगळे डॉक्टर सिस्टच म्हणतात. तिला कठीण कवच असते, ओल्या जागी ती आठवडेच्या आठवडे टिकते, आणि पाण्यातून, कच्च्या भाजीतून किंवा न धुतलेल्या हातांतून पोटात जाते. लहान आतड्यात कवच फुटते आणि आतून दुसरे रूप, म्हणजे हालचाल करणारा, खाणारा अमीबा बाहेर येतो. तो मोठ्या आतड्यात वस्ती करतो. पुष्कळ माणसांत तो तिथेच निमूट राहतो. काहींत मात्र आतड्याच्या अस्तरात शिरून व्रण पाडतो, तीच आपली आव. त्या व्रणांतून तो रक्तात उतरला की आतड्याचे रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेतून थेट यकृतात पोहोचतो. हे गळू स्त्रियांपेक्षा प्रौढ पुरुषांत कितीतरी अधिक आढळते, आणि दारू पिणाऱ्यांना त्याचा धोका जास्त असतो.

उपचार सुरू झाला तो मेट्रोनिडॅझोलने. सुरुवातीला शंभर मिलिलिटरच्या बाटलीतून ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी शिरेतून, आणि पोट अन्न स्वीकारू लागल्यावर गोळ्यांवर. प्रौढांना यकृताच्या गळवासाठी साधारणपणे ७५० ते ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, पाच ते दहा दिवस, अशी मात्रा असते. काही डॉक्टर त्याऐवजी टिनिडॅझोल २ ग्रॅम रोज एकदा, असे तीन ते पाच दिवस देतात. यकृत फारच बिघडलेले असेल, गर्भ राहिलेला असेल, किंवा रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन चालू असेल तर हिशेब बदलतो, म्हणून हे आकडे वाचून कोणी स्वतःचा उपचार स्वतः करू नये. मेट्रोनिडॅझोल वॉरफेरिनचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून वॉरफेरिन चालू आहे का, हे आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी प्रत्येक नव्या रुग्णाला कन्नडमध्ये, मराठीत आणि हिंदीत विचारून खात्री करून घेतलेले मी पाहिले.

हे औषध नेमके कसे काम करते याचे मला कुतूहल होते, आणि पडून राहण्याच्या दिवसांत मी ते समजून घेतले. मेट्रोनिडॅझोल पोटात जाते तेव्हा स्वतः निरुपद्रवी असते. अमीबा आणि त्याच्यासारखे ऑक्सिजनशिवाय जगणारे जीव ज्या रासायनिक मार्गाने ऊर्जा मिळवतात, त्या मार्गात या औषधाच्या रेणूला इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्याचे रूपांतर घातक घटकांत होते; ते घटक जंतूच्या डीएनएची साखळी तोडतात. आपल्या पेशी ऑक्सिजनवर चालत असल्याने त्यांच्यात हे रूपांतर तशा प्रमाणात होत नाही. म्हणजे जंतू स्वतःच्या शरीरात स्वतःसाठीचे विष तयार करतो. मला हे फार विलक्षण वाटले. या औषधाआधी एमेटीनची इंजेक्शने असत. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये ती अमीबाच्या आवेसाठी आणि यकृताच्या आजारासाठी वापरात आणली आणि असंख्य जीव वाचले, पण एमेटीन हृदयाला इजा करते, म्हणून रुग्णाला अंथरुणातून उठू देत नसत. मेट्रोनिडॅझोल आधी योनिमार्गातल्या ट्रायकोमोनास या आदिजीवासाठी आले. १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या डॉक्टरांनी ते अमीबाच्या आवेवर आणि यकृताच्या गळवावरही गुणकारी असल्याचे दाखवले. आज आपण काही रुपयांत जी पट्टी घेतो तिच्या मागे हा एवढा प्रवास आहे.

औषधाचा गुण बहुधा पहिल्या तीन दिवसांतच दिसू लागतो, आणि मलाही तसाच दिसला. आधी थंडी थांबली, मग ताप, आणि शेवटी कुशीवर वळता येऊ लागले. माझ्या गळवात सुई घालावी लागली नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे गळू मात्र खूप मोठे होते आणि औषध चालू असूनही ताप हटत नव्हता, म्हणून सोनोग्राफीत बघत सुईने पू काढला. तो विटकरी-तपकिरी रंगाचा, घट्ट आणि जवळजवळ वास नसलेला होता. जीवाणूंच्या पुवाला घाण येते, याला येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. गळू फुटण्याच्या बेतात असेल किंवा यकृताच्या डाव्या भागात, म्हणजे हृदयाच्या वेष्टनाजवळ असेल, तरीही ते वाट न पाहता रिकामे करतात.

औषधाचा त्रासही होतो आणि तो आधी माहीत असला तर माणूस घाबरून गोळ्या सोडत नाही. तोंडाला सतत तांब्याचे नाणे चघळल्यासारखा धातूचा कडवटपणा येतो. भेटायला येणाऱ्यांनी आणलेला कुंदा मला गिळवेना. मऊ भात, ताक आणि लिंबाच्या लोणच्याची फोड एवढेच काय ते जायचे. मळमळ होते, लघवी गडद लालसर-तपकिरी होते, आणि ती औषधामुळे होते हे सिस्टरांनी आधीच सांगितले होते. हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा किंवा झटका येणे ही मात्र लगेच कळवण्याची लक्षणे आहेत. लांबलेल्या उपचारात नसांना इजा होऊ शकते, म्हणून ताप गेला तरी कोणी आपल्या मनाने हे औषध वाढवू नये.

दारूविषयीची ताकीद सगळ्यांना दोन-दोनदा दिली जात होती. मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यानंतरही किमान दोन दिवस, टिनिडॅझोलनंतर तीन दिवस, दारूचा थेंबही घ्यायचा नाही. तसे केल्यास चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे, उलट्या, डोकेदुखी असा जबर त्रास होऊ शकतो. आमचा मुलूख गोव्याला लागून आहे आणि चोर्ल्याच्या घाटातून काय काय येते हे सर्वांना ठाऊक आहे. पण मी इथे दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. घरोघरी अशक्तपणासाठी दिली जाणारी आसवे आणि अरिष्टे, तसेच काही खोकल्याची औषधे, यांतही मद्यार्क असतो. आजारातून उठलेल्या माणसाला मायेने द्राक्षासव पाजणारी आत्या आपल्यात असतेच, आणि माझीही होती. डॉक्टरांनी बाटलीवरचे लेबल वाचून ती बाजूला ठेवायला लावली.

आता मुख्य गोष्ट. घरी सोडताना दिलेल्या कागदावर मेट्रोनिडॅझोलच्या उरलेल्या गोळ्यांखाली आणखी एक औषध होते, डायलोक्सानाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, दहा दिवस. तोवर माझा ताप गेलेला होता, भूक परतली होती, आणि घरच्यांच्या दृष्टीने आजार संपला होता. हे दुसरे औषध कशासाठी, असे मी विचारले. डॉक्टरांनी पुन्हा तीच आकृती पुढे ओढली. मेट्रोनिडॅझोल तोंडाने घेतले की आतड्याच्या वरच्या भागातच जवळजवळ सगळे रक्तात शोषले जाते. म्हणूनच ते यकृतापर्यंत इतक्या चांगल्या रीतीने पोहोचते. पण त्याच कारणाने मोठ्या आतड्याच्या पोकळीत ते पुरेसे उरत नाही, आणि तिथे राहिलेले अमीबा आणि त्यांच्या पुटी वाचतात. गळू बरे होते, मूळ वस्ती तशीच राहते. त्या वस्तीतून पुढे कधीही पुन्हा आव किंवा पुन्हा गळू होऊ शकते, आणि दरम्यान शौचावाटे पुटी बाहेर पडत राहून घरातल्यांना आणि गावाला संसर्ग देत राहतात. डायलोक्सानाइड आतड्याच्या पोकळीतल्या अमीबावर काम करते. त्याच कामासाठी पॅरोमोमायसिन हे दुसरे औषध आहे, जे आतड्यातून फारसे शोषलेच जात नाही; ते सात दिवस देतात. लावणीनंतरच्या आवेत मला मिळालेल्या गोळ्या शरीरात शिरलेल्या अमीबावर चालणाऱ्या होत्या, पोकळीतल्या वस्तीसाठी काही दिलेले नव्हते, आणि तिथूनच पुढचे गळू झाले असावे, अशी त्यांची अटकळ होती.

हा कागद घेऊन मी गावाजवळच्या मेडिकलमध्ये गेलो, तर ते औषध नव्हते. दुकानदार ओळखीचा, त्याने आपुलकीनेच विचारले, "आता बरं वाटायलंय न्हवं? मग आणि ह्ये कशाला पायजे तुमास्नी?" त्याच्याकडे डायलोक्सानाइड आणि मेट्रोनिडॅझोल एकत्र असलेली गोळी होती आणि ती चालेल असे त्याला वाटत होते. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितले की तुमचे मेट्रोनिडॅझोल पूर्ण होते आहे, ते पुन्हा वाढवायचे कारण नाही, नुसते डायलोक्सानाइडच घ्या. शेवटी बेळगावात शोधाशोध केल्यावर ते मिळाले. महाग मुळीच नव्हते. त्या दहा दिवसांत पोटात वायू धरण्यापलीकडे मला कसलाही त्रास झाला नाही, आणि या औषधाचा तोच नेहमीचा त्रास असतो. ज्या औषधाने ताप उतरतो, दुखणे थांबते, त्याच्यावर माणसाचा विश्वास लगेच बसतो. ज्याने काहीच जाणवत नाही, ते दहा दिवस तीन वेळा आठवणीने घेण्यासाठी समजावून सांगणारे कोणीतरी लागते. मला ते माणूस भेटले. वॉर्डात माझ्याबरोबर असलेल्या आणि आधी दुसरीकडे उपचार घेतलेल्या एका शेतकऱ्याला दोन वर्षांत दुसऱ्यांदा गळू झाले होते, आणि त्याच्या जुन्या कागदांत हे औषध कुठेच लिहिलेले नव्हते. त्याच्या दुखण्याचे कारण तेवढेच होते असे मी म्हणू शकत नाही, पण तो कागद पाहिल्यापासून मी भेटेल त्याला या दुसऱ्या औषधाविषयी सांगतो.

घरातल्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करून घेतली. नमुना ताजा लागतो, कारण हालचाल करणारा अमीबा थोड्याच वेळात मरतो आणि मग ओळखू येत नाही. पुटीही रोज पडतातच असे नाही, म्हणून दिवसाआड असे तीन नमुने देतात. पत्नीच्या नमुन्यात पुटी दिसल्या. तिला काहीच त्रास नव्हता. इथे एक बारकावा आहे. एन्टामिबा डिस्पार नावाचा एक निरुपद्रवी जीव सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब हिस्टोलिटिकासारखा दिसतो, आणि तो वेगळा असल्याचे शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये रीतसर मांडले. त्यामुळे 'सिस्ट दिसल्या' एवढ्या शेऱ्यावर प्रत्येकाला औषध देणे योग्य नाही. जिथे हिस्टोलिटिकाची वेगळी चाचणी होते तिथे ती करावी. पत्नीचा नमुना तशा चाचणीसाठी पाठवला, तिच्यात हिस्टोलिटिका निघाला, आणि तिला फक्त डायलोक्सानाइड दिले, कारण तिच्या शरीरात अमीबा शिरल्याचे कोणतेही लक्षण नव्हते.

पुतण्याच्या नमुन्यात वेगळाच आदिजीव निघाला. त्याला पावसाळ्यापासून पातळ, तेलकट आणि दुर्गंधी शौचाला व्हायचे, पोट फुगायचे, वजन वाढत नव्हते, पण रक्त कधीच पडले नव्हते. तो जिआर्डिया होता. हा लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो आणि अन्नातला स्निग्धांश शोषू देत नाही, आत मात्र शिरत नाही. सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहणारे डच संशोधक लेव्हेनहूक यांनी १६८१ मध्ये स्वतःच्याच शौचात सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला होता. पुतण्याला वजनानुसार टिनिडॅझोलची एकच मात्रा दिली. नंतरही काही आठवडे दूध प्यायले की त्याचे पोट बिघडायचे. औषध लागू पडले नाही असे वहिनींना वाटले, पण जिआर्डिया गेल्यावरही दुधातली साखर पचवणारे विकर (एन्झाइम) काही काळ कमी असते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने दूध थांबवून ताक सुरू केले आणि ते त्याला मानवले.

पाण्याबद्दलही लिहायला हवे. या दोन्ही आदिजीवांच्या पुटी क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत, त्यामुळे विहिरीत पावडर टाकली म्हणजे सुटलो असे नसते. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच ठेवले की पुटी मरतात. आमची विहीर शौचालयाच्या खड्ड्यापासून जवळ आहे, तिचे पाणी आता पिण्यासाठी उकळूनच वापरतो. शहराचे सांडपाणी घेऊन वाहणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात शहापूर-वडगावच्या शिवारात पसरतो, आणि अशा पाण्याखाली गेलेल्या शेतातली कोथिंबीर, मुळा, काकडी कच्ची खाण्याआधी माणसाने विचार करावा. शिजवल्यावर भीती नाही.

डायलोक्सानाइड संपल्यावर काही आठवड्यांनी माझा आणि पत्नीचा शौचाचा नमुना पुन्हा तपासला, तो स्वच्छ निघाला. सोनोग्राफीत मात्र यकृतातली पोकळी तेव्हाही दिसत होती, आणि अहवाल वाचून दाजी पुन्हा काळजीत पडले. गळवाची पोकळी भरून यायला अनेक महिने लागतात, ताप आणि दुखणे नसेल तर त्या चित्रासाठी औषध द्यायचे नसते, असे सांगून डॉक्टरांनी नवी गोळी लिहिली नाही. पुढच्या सोनोग्राफीत पोकळी निम्म्याहून लहान झाली होती, आणि त्यानंतरच्या सुगीला मी भाताच्या मळणीला उभा होतो. गावाजवळच्या त्या दुकानदाराने माझा जुना कागद पाहून डायलोक्सानाइडची पाकिटे मागवून ठेवली आहेत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणली की ती आता तिथे मिळतात.